सदतीस हाका : बडोद्यातल्या एका हिशेबनिसाच्या कीबोर्डची हकिगत

बडोद्यात मराठी घरांतसुद्धा संक्रांतीला उत्तरायणच म्हणतात. तिळगूळ होतो, पण दिवस जातो धाब्यावर. गच्चीला आम्ही धाबंच म्हणतो. दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या धाब्यावरून, पतंगाचे पेच लावताना मागे मागे सरकत गेलेले एक गृहस्थ खाली पडले आणि मानेच्या मणक्याला मार बसला. वय तेव्हा ४१. मंगळ बाजार आणि रावपुऱ्यातल्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणं हा त्यांचा धंदा. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणारी. माझी त्यांची गाठ पडली तेव्हा अपघाताला चौदा महिने झाले होते. हे लिहायला त्यांची परवानगी आहे, नाव मात्र नको म्हणाले. मी त्यांना दादा म्हणते, इथेही तेच म्हणेन.

दुखापत कुठवर आहे हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मानेतल्या मज्जारज्जूच्या पाचव्या पातळीवर, म्हणजे सी ५ ला, कोपर वाकवण्याची ताकद असते. सी ६ ला मनगट वर उचलता येतं, सी ७ ला कोपर सरळ करता येतं, सी ८ ला बोटांची मूठ वळते. दादांचं उजवीकडे सी ६ पर्यंत शाबूत आहे, डावीकडे सी ५ पर्यंतच. उजवं मनगट उचलतं, डावं लोंबतं. दोन्ही हात वाकतात, पण स्वतःच्या जोरावर सरळ होत नाहीत. दहाही बोटांपैकी एकही आपलं आपण हलत नाही. छातीखाली संवेदना नाही.

डोकं मात्र तसंच तल्लख. कोणत्या दुकानाचं कोणतं बिल कुठे अडकलंय हे तोंडपाठ.

माझ्याआधी काय काय झालं

पहिले काही महिने दादा सांगत आणि वहिनी टाइप करत. मग वहिनींना नोकरी धरावी लागली. त्यानंतर लॅपटॉप मांडीवर आणि दोन बोटांच्या मधे रबराने बांधलेली पेन्सिल असं सुरू झालं. एका संध्याकाळी दादांच्या आईंना अंघोळीच्या वेळी मांडीवर तळहाताएवढा लालभडक चट्टा दिसला, मधे फोड. लॅपटॉपच्या तळाची धग तीन तास लागत राहिली होती आणि दादांना ती जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. ही जखम भरायला जवळजवळ दोन महिने लागले. ज्यांच्या घरात मज्जारज्जूची दुखापत झालेलं कोणी आहे त्यांना मी हात जोडून सांगते, मांडीवर लॅपटॉप, चार्जर, गरम ताट, काहीही ठेवू नका.

मग परदेशातल्या भाच्याने डोळ्यांनी चालणारं यंत्र पाठवलं. पडद्याखाली बसवायची पट्टी. तिच्यातून अवरक्त प्रकाश डोळ्यावर पडतो, बुबुळ कुठे रोखलंय ते कॅमेरा टिपतो, आणि नजर एका जागी थोडी थांबली की क्लिक होतं. घरच्यांच्या मनात स्टीफन हॉकिंग होते. हॉकिंग यांचं साधन डोळ्यांचं नव्हतं. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची आणि हवं ते आलं की ते एक बटण दाबायचे, पुढे हाताची ताकद गेल्यावर गालाची हालचाल चष्म्यावरच्या सेन्सरने टिपली जायची. म्हणजे एकच खात्रीची हालचाल आणि तिच्याभोवती रचलेलं सगळं. पण पाहणाऱ्याला जादू दिसते.

नजरेचं यंत्र वाईट नाही. ज्यांचे हात, मान, आवाज सगळं गेलंय त्यांच्यासाठी ते बोलण्याचं दार आहे. दादांच्या बाबतीत ते दोन कारणांनी बसलं नाही. पहिलं यंत्राच्या अडचणींचं. त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा, आणि खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर उन्हाने यंत्र गोंधळायचं. या अडचणी सोडवता आल्या असत्या. दुसरं कारण मोठं होतं. दादांचं काम टॅलीत, आणि टॅली हे मुळात कळांवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. एफ ५ ने पेमेंट, एफ ६ ने पावती, एफ ८ ने विक्री, कंट्रोल आणि ए ने नोंद पक्की. मुरलेला हिशेबनीस त्यात माउसला हातच लावत नाही. नजरेच्या यंत्राने बाण हलवता येतो, पण वीस वर्षं बोटांत मुरलेला कळांचा क्रम त्यात बसेना. दादा म्हणाले, "ताई, हे म्हणजे मला पेटी वाजवायची आहे आणि तुम्ही बासरी दिलीत."

आवाजाने टाइप करणंही झालं होतं. गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये २०१७ पासून मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत आणि निरोपांसाठी दादा ते आजही वापरतात. हिशेबाला ते चालेना. एका वाक्यात गुजराती दुकानाचं नाव, इंग्रजी मालाचं नाव आणि मराठीतला आकडा येतो. शिवाय सी ६ च्या दुखापतीत बरगड्यांमधले स्नायू श्वासाला साथ देत नाहीत, त्यामुळे अर्ध्या तासात आवाज बसतो. आणि समोर एक व्यापारी बसलेला असताना दुसऱ्याची उधारी मोठ्याने कशी उच्चारायची? हा मुद्दा दादांनीच काढला. माझ्या लक्षातही आला नव्हता.

वहीतल्या रेघा

पहिल्या भेटीत मी पिशवीतून एकही साधन काढलं नाही. नुसती बसून काम बघितलं. कानात भरला तो एकच आवाज, "आई, जरा हे दाब ना." आई पंचाहत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या. स्वयंपाकघरातून माजघरात येऊन एक कळ दाबायची आणि परत जायचं.

मी दादांच्या आठवीतल्या लेकीला शाळेच्या जुन्या वहीत प्रत्येक हाकेला एक रेघ मारायला आणि हाक कशासाठी ते एका शब्दात लिहायला सांगितलं. रविवारी सकाळी ९ ते १२ बसून तिने ते चोख केलं. हाका झाल्या ३७. दोन कळा एकदम दाबण्यासाठी १४, हात टेबलावरून घसरला आणि परत वर येईना म्हणून ९, फोन उचलण्यासाठी ६, बिल उलटण्यासाठी ५, किरकोळ ३.

माझं लक्ष त्या ९ वर गेलं. हात घसरतोय तोवर कळांचं काही बोलण्यात अर्थ नव्हता.

झोपाळ्याची फळी

दादांच्या कोपराला सरळ होण्याचा जोर नाही. त्यामुळे हात पुढे टेकलेला राहिला तरच कामाचा, एकदा कडेवरून खाली गेला की गेला. नेहमीच्या टेबलापुढे चाकाची खुर्ची ठेवली की पोट आणि टेबल यांच्यात वीतभर फट राहते आणि कोपरं अधांतरी लटकतात. हवं होतं ते असं टेबल, जे पोटाला अर्धगोल वळसा घालेल आणि ज्यावर दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत टेकलेले राहतील. उंची अशी की खांदे वर चढू नयेत आणि खुर्चीचे हात खाली सरकावेत.

माजघरात सागवानी झोपाळा होता. आईंचा. खुर्ची वळवायला तो आडवा यायचाच. मी टेबलाची मापं सांगत होते, तेव्हा आई एकदम म्हणाल्या, "या पाटाचं होईल का?" कोणी काही बोलेना. दादा म्हणाले, "आई, तो बाबांनी आणलेला." आई म्हणाल्या, "बाबा असते तर त्यांनीच कापला असता." सुताराने फळीला अर्धगोल काप घेतला, कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकली आणि लोखंडी पायांवर ती बसवली. कड्या अजून तुळईला आहेत.

दुसऱ्या दिवशी हात एकदाही पडला नाही. त्या टेबलाचा आणखी एक फायदा झाला. संवेदना नसलेल्या शरीराला एकाच जागी बसवून ठेवलं की बैठकीवर जखम होते, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी भार बदलावा लागतो. आता संगणकावर गजर वाजला की दादा कोपरांवर भार देऊन फळीवर पुढे झुकतात आणि दोन मिनिटं तसेच राहतात. कामाच्या गर्दीत हे टाळलं जातं आणि मी त्यावरून त्यांच्याशी भांडले आहे. विवरणपत्राच्या २० तारखेच्या धावपळीत एकदा त्यांचं डोकं भयंकर ठणकायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घाम. लघवीची नळी पायाखाली दुमडली होती. वरच्या पातळीच्या दुखापतीत असं झालं की रक्तदाब झपाट्याने चढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. माणसाला सरळ बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी बघायची आणि उतार पडला नाही तर लगेच दवाखाना गाठायचा. हे घरातल्या प्रत्येकाला, लेकीलाही, ठाऊक असायला हवं.

हाताबद्दल एक कठीण बोलणं

आई रोज रात्री तेल लावून दादांची बोटं मागे ताणून सरळ करत. मनगटही मागे, बोटंही मागे. कोणीतरी सांगितलं होतं, नाहीतर हात आखडेल. चौदा महिन्यांत एकही रात्र चुकली नव्हती.

मला ते थांबवावं लागलं. सी ६ च्या हातात एक सोय असते, मनगट वर उचललं की बोटांचे स्नायूबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप आत वळतात, अंगठा तर्जनीला टेकतो. ताकद नसलेली ही पकड बोटांचे बंध थोडे आखूड राहिले तरच टिकते. मनगट आणि बोटं दोन्ही एकदम मागे ताणली की बंध सैल पडतात आणि पकड जाते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून करायची. मी हे सांगितलं तेव्हा आईंनी हात मागे घेतला आणि काही बोलल्या नाहीत. "तुमच्यामुळे सांधे मोकळे राहिले, आता फक्त दिशा बदलायची," असं मी म्हटलं आणि ते खरंच होतं. त्यांचे हात माझ्या हातात धरून मी नवी रीत दाखवली. तीन-चार महिन्यांत पकड थोडी परत आली. कागद धरण्याइतकी. पेन धरण्याइतकी अजून नाही.

काठी, चिकटणाऱ्या कळा आणि शून्य

उजव्या तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा, त्याला खिसा, खिशात काठी. या पट्ट्यात चमचा बसतो, ब्रश बसतो. काठीचं टोक खाली आणि जरा आत वळवलेलं, म्हणजे दादांना कळ दिसते आणि मनगट खाली सोडलं की ती दाबली जाते. मनगट वर घेणं त्यांच्या हातात, खाली आणणं गुरुत्वाकर्षणाच्या.

एका काठीने दोन कळा एकदम दाबता येत नाहीत. त्या १४ हाका याच्या. विंडोजमध्ये यासाठी स्टिकी कीज नावाची सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सुरू करायची का असं विचारलं जातं. मग कंट्रोल दाबून सोडली तरी ती पुढच्या कळेपर्यंत धरलेली मानली जाते. फुकट, आधीपासून प्रत्येक संगणकात बसलेली. चौदा महिन्यांत हे दादांना कोणीही सांगितलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं.

मी ती सुरू करून घरी गेले. रात्री फोन आला, "ताई, ते बंद पडलं." पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. दोन दिवसांनी समजलं. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या तर स्टिकी कीज आपोआप बंद व्हावी अशी एक खूण सेटिंगमध्ये असते आणि ती काढायची मी विसरले होते. दादांच्या करंगळीची कड कुठल्यातरी कळेला घासायची आणि सोय बंद व्हायची. ती खूण काढली.

दुसरी अडचण शून्याची. काठी कळेवरून लगेच उचलली जात नाही, त्यामुळे अक्षर दोनदा-तीनदा उमटतं. पत्रात ते खपतं, पण खातेवहीत ५,००० चे ५०,००० होतात. एका व्यापाऱ्याच्या खात्यात तसं झालं आणि दादा रात्रभर झोपले नाहीत. फिल्टर कीज या विंडोजमधल्याच दुसऱ्या सोयीत कळ दाबून राहिली तरी आकडा एकदाच उमटेल असं ठरवून दिलं आणि ते थांबलं.

करंगळी मात्र घासतच राहिली. त्यासाठी कीबोर्डवर भोकांची ढाल बसवली. प्रत्येक कळेवर एक भोक असलेली ॲक्रिलिकची पट्टी, जिच्यावर हात बिनधास्त टेकवता येतो आणि कळ फक्त भोकातूनच दाबली जाते. बाहेरून मागवलेली आपल्या कीबोर्डला बसेलच असं नाही. मी कीबोर्ड झेरॉक्सच्या काचेवर पालथा ठेवला. मूळ मापाचं चित्र मिळालं. रावपुऱ्यातल्या नावाच्या पाट्या कापणाऱ्याने ते लेझरवर कापलं. पहिली पट्टी ५ मिलिमीटरची घेतली, काठी भोकात अडकायला लागली. दुसरी ३ मिलिमीटरची, ती बसली. आकड्यांसाठी वेगळा छोटा यूएसबी कळफलक काठीच्या अगदी टप्प्यात ठेवला, कारण दिवसातलं बहुतेक टायपिंग आकड्यांचंच. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम इथे डोळ्यांनी दिसतो. लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं, तितका वेळ कमी.

माउस लागतो तो सरकारी पोर्टलवर. डाव्या मनगटाला आधाराची पट्टी आणि हाताखाली मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल. तळहाताच्या कडेने गोळा फिरतो. त्याची बटणं मात्र भलत्या वेळी दाबली जायची. म्हणून एक जुना माउस उघडला, त्याच्या डाव्या क्लिकच्या दोन टोकांना वायर जोडून ३.५ मिलिमीटरचं सॉकेट बाहेर काढलं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाने पंधरा मिनिटांत डाग दिले. त्या सॉकेटला एक मोठं गोल बटण जोडून डाव्या कोपरामागे बसवलं. विंडोजला दोन माउस एकदम जोडलेले चालतात. गोळ्याने बाण न्यायचा, कोपर जरा मागे घ्यायचं की क्लिक. ट्रॅकबॉलची बटणं बंद करून टाकली आणि पोर्टलचं पान दीडपट मोठं केलं.

फोनसाठी स्टँड, आणि काठीला वेगळं टोक. साधं रबर मोबाइलच्या पडद्याला कळत नाही, वीज वाहून नेणारं रबर लागतं. पोर्टलचा ओटीपी व्यापाऱ्याकडे येतो आणि तो फोनवर सांगतो. फोन उचलता येत नसेल तर वेळ निघून जाते आणि सगळं पहिल्यापासून.

लिपीचा प्रश्न

दादा व्यापाऱ्यांना गुजरातीत लिहितात, नातलगांना मराठीत. आधी ते इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करत. काठीने टाइप करणाऱ्याला प्रत्येक ठोका मोलाचा. 'वडोदरा' हा शब्द रोमनमधून लिहायला आठ ठोके, इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर सहा. आणि इन्स्क्रिप्टमध्ये एका ध्वनीची जागा सगळ्या भारतीय लिप्यांत तीच, म्हणजे तेच सहा ठोके देऊन गुजरातीतलं वडोदरा होतं, फक्त भाषा बदलायची. दुसरी बाजूही सांगायला हवी. ख, घ, थ, ध, भ हे सगळे शिफ्टवर आहेत, ण आणि ळ सुद्धा, शिवाय अ, आ हे सुटे स्वरही. मराठी टाइप करणाऱ्याला शिफ्ट इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागते. स्टिकी कीज नसती तर एका काठीने मराठी लिहिणं अशक्यच होतं. हे इंग्रजीतल्या माहितीपत्रकांत कुठे सापडणार? जागा पाठ व्हायला दादांना सहा आठवडे लागले. लेकीने भोकांच्या ढालीवर नेलपॉलिशने अक्षरं काढून दिली, मराठी लाल, गुजराती निळी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांवर आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. घरी बसून स्वतःचा धंदा करणाऱ्याला मालकच नाही, त्यामुळे मागायचं कोणाकडे हा प्रश्न उरतो. दादांच्या सोयींचा खर्च नातलगांनी आणि दोन जुन्या व्यापाऱ्यांनी वाटून उचलला. नजरेचं यंत्र सोडून सगळं मिळून तो एका बऱ्या मोबाइलइतकाही झाला नाही.

आज

पाच महिन्यांनी लेकीने पुन्हा वही घेतली. तोच वार, त्याच वेळा. हाका ८. दोन कळांसाठी एकही नाही, हात पडल्याची एकही नाही. फोनसाठी २, किरकोळ १. राहिलेल्या ५ बिलं उलटण्यासाठी. तो आकडा तसूभरही हललेला नाही.

व्यापारी महिन्याची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणतात. काही चुरगळलेली, काही थर्मल कागदाची, निम्मी पुसलेली. काठीच्या टोकाला चिकट रबर लावून पाहिलं, एकाऐवजी तीन कागद येतात. लेक शाळेतून आल्यावर फोटो काढून देते, पण पुढच्या वर्षी तिची नववी, आणि तिच्या अभ्यासाचा वेळ यात जावा हे दादांना मान्य नाही. त्यांनी आता व्यापाऱ्यांनाच सांगायला सुरुवात केली आहे की बिलाचा फोटो त्याच दिवशी पाठवा. चार जण पाठवतात. बाकीचे अजून पिशवीच आणतात. नजरेचं यंत्र आम्ही दुसऱ्या एका घरी पोचवलं आहे. तिथल्या ताईंना आता फक्त डोळे हलवता येतात.